मायरनचं कार्ड

सर्व्हरमध्ये कार्ड बसवणं हे तसं सुईत दोरा ओवण्यासारखं काम. वीज तोडायची, झाकण सरकवायचं, अंगातली स्थिर वीज लोखंडाला हात लावून घालवायची, कार्ड कडांनी धरून खाचेवर उभं करायचं आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा. आवाज होत नाही. बसलं की बोटांनाच कळतं. एका अंगाला जास्त दाबलं तर कार्ड तिरकं बसतं. सर्व्हर चालू होतो, सगळं सुरळीत दिसतं आणि पुढे कधीतरी ऐन कामाच्या वेळी तो सांगतो की मला डिस्क दिसत नाहीत. वीसेक वर्षं मी हेच करते आहे. माझी कार्डं तिरकी बसत नाहीत.

त्या नोव्हेंबरात मिळालेलं काम असंच होतं. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराच्या पोटात, चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, इस्पितळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपनीचे सर्व्हर ठेवलेले होते. आमच्या आजोबा-पणजोबांनी तिथला दगड काढला. तो संपल्यावर भिंतींना पांढरा रंग देऊन लोकांनी आत कपाटं मांडली. ट्रक थेट आत जातात. बाहेर बर्फ असो की ऊन, आत वर्षभर बावन्न अंश फॅरनहाइट, म्हणजे स्वेटर लागेल एवढा गारवा. फोन लागत नाही. पंख्यांची घरघर इतकी सतत असते की बाहेर आल्यावर कानांना दडे बसल्यासारखे वाटतात.

जुनी कार्डं काढून नवी बसवायची आणि त्यांची ओळख स्विचला करून द्यायची, एवढंच माझं काम. कार्ड म्हणजे सर्व्हरचा हात. माहिती सर्व्हरच्या पोटात नसते, ती पलीकडच्या कपाटांत डिस्कवर असते. कार्डातून केसाएवढी काचेची तार निघते, मधल्या स्विचमध्ये शिरते आणि तिथून डिस्कपर्यंत जाते. प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक नाव मिळतं, सोळा आकडे-अक्षरांचं, जगात दुसऱ्या कुणाचं नसलेलं. तार जोडली की कार्ड आपणहून ते नाव स्विचला सांगतं. स्विच देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा. ज्याच्या नावाची परवानगी असेल त्याला आत सोडतो, नसेल त्याला परत फिरवतो. येऊन गेल्याची खूण मात्र दोघांचीही ठेवतो.

तिथला मुख्य होता लॉयड प्रॉसर. साठीकडे झुकलेला, उंच, आवाज असा की पाठीवर हात ठेवल्यासारखा वाटावा. सकाळी सगळ्यांसाठी डोनट आणायचा. पहारेकऱ्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करायचा. गेल्या मोसमात मारलेल्या हरणाचे सॉसेज त्यानं माझ्यासाठीही वेगळे बांधून आणले.

"काय लिंडक्विस्टबाई," रोज सकाळी म्हणायचा, "आज कुणाचं पोट फाडणार?"

मी हसायचे. लिंडक्विस्ट हे माझ्या सोडलेल्या नवऱ्याचं आडनाव. माहेरची मी डेनीस ह्रिंको. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच खाणीतल्या सहा नंबरच्या खोलीत माझा थोरला भाऊ मायरन ह्रिंको गुदमरून मेला होता.

तेव्हा तिथे आग विझवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड सोडायची जुनी यंत्रणा होती. गॅस सुटण्याआधी भोंगा वाजायला हवा, आणि आतला दांडा ढकलला की दार उघडायला हवं. भोंगा बंद करून ठेवलेला होता. दांडा काढलेला होता. मायरन आत कार्ड बदलत होता. चौकशीत लॉयडनं सांगितलं की भोंगा मायरननंच बंद केला, कामात अडथळा नको म्हणून. दांडाही त्यानंच काढला. मेलेल्या माणसाच्या माथ्यावर खापर फोडणं सोपं असतं, तो मान हलवत नाही. कंपनीनं गॅसची सिलिंडरं उचलून नेली, संगणकावर चालणारी नवी दारं बसवली आणि हा सगळा बदल करून घेतला म्हणून लॉयडला बढती दिली.

मी तेव्हा टेक्ससला होते. लॉयडनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. मयतीला तो आला नाही, चौकशीला आमच्याकडून वकील गेला. तेव्हापासून मी डूख धरून होते. त्याचा जीव मला नको होता. त्यानं माझ्या भावाचं नाव मातीत घातलं तसं त्याचं नाव मातीत घालायचं होतं. कसं, ते तिथे गेल्यावर बघू, असं ठरवून मी काम घेतलं, सामान बांधलं आणि आईकडे राहायला आले.

पहिल्यांदा ते नोरानं पाहिलं. नोरा कॅम्पानेला स्विचची सगळी व्यवस्था बघायची. तिशीची, बोलायला फटकळ, सदा सूर्यफुलाच्या बिया चघळणारी. मी हातातलं कार्ड बसवून तिच्या टेबलाशी आले तेव्हा ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"सत्तावीस नंबरच्या पोर्टला तू काही जोडलंस?"

मी नाही म्हटलं.

"मग हे कोण आलंय?"

मी तिच्या खांद्यावरून वाकून नाव वाचलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

पोलिसांनी मायरनच्या वस्तू परत दिल्या त्यांत एक कार्ड होतं. त्याच्या मुठीत सापडलेलं. आईनं ते त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवलं. "शेवटी हेच होतं ना त्याच्या हातात," ती म्हणाली, आणि कुणी तिच्याशी वाद घातला नाही. शवपेटी उघडी होती तोवर मी शेजारी बसून होते. खिशातून वर आलेली कार्डावरची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती. लोक अशा वेळी जपमाळ ओढतात. मी ती सोळा आकडे-अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेवट चार-सी-सात-ई. मग झाकण बंद झालं. चर्चमागच्या टेकडीवर, बाबांच्या शेजारी, मायरनला आम्ही पुरलं.

आता तेच नाव पडद्यावर होतं.

माझ्या मनात पहिली शंका आली ती लबाडीची. कार्डाचं नाव खोटं घेता येतं, ज्याला काम येतं त्याला ते अवघड नाही. कुणीतरी मला ओळखलंय आणि खेळवतंय असं वाटलं. मी उठले आणि प्रत्यक्ष स्विचपाशी गेले. सत्तावीस नंबरच्या पोर्टला तार नव्हती. धूळ जाऊ नये म्हणून लावतात ते रबरी बूच होतं. बुचाच्या कडेनं हिरवा दिवा दिसत होता. मी बूच काढलं. दिवा तसाच राहिला. पोर्ट बंद करून पुन्हा चालू केलं. दिवा गेला, आला, आणि नावही परत आलं.

नोराला मी काही सांगितलं नाही. ती म्हणाली की जुनी नोंद अडकून पडली असेल, आणि लगेच स्वतःच म्हणाली की तसं असतं तर दिवा लागला नसता.

समोरच्या कार्डाची प्रकृती स्विचला विचारता येते. ते किती तापलंय, त्याचा प्रकाश किती येतोय, तार किती लांब आहे, हे तो सांगतो. आम्ही विचारलं. चालू कार्ड हाताला चटका बसेल इतकं तापतं. या कार्डाचं तापमान बावन्न अंश होतं.

"म्हणजे खाणीतच कुठेतरी पडलंय," नोरा म्हणाली. "पण चालू कसं? आणि चालू असून थंड कसं?"

मग तिनं अंतर काढलं. वीस मैलांच्या आसपास. ती मोठ्यानं हसली. आमच्या कुठल्याही तारेला एवढी लांबी झेपत नाही. मी हसले नाही. खाणीपासून आमच्या टेकडीपर्यंत रस्ता वळणावळणाचा आहे, पण नकाशावर सरळ रेघ मारली तर साधारण तेवढंच अंतर भरतं. आणि सहा फूट मातीखालीही वर्षभर तापमान तेवढंच असतं.

लॉयडला सांगणं भाग होतं. तो कॉफीचा पेला घेऊन आला, खुर्चीच्या पाठीवर रेलून पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला की यंत्रंसुद्धा म्हातारपणी बरळतात. नोंद पुसून टाका. नोरानं पुसली. तो अजून तिथेच उभा होता तोवर ती परत आली.

"सत्तावीसची तार पूर्वी कुठे जायची?" त्यानं विचारलं. मला वाटतं त्याला उत्तर माहीत होतं.

"सहा नंबरच्या खोलीत," नोरा म्हणाली. "भिंतीवर तारा खोचायचा जुना फलक आहे अजून. पण तारा कापल्यात."

लॉयडनं पेला टेबलावर ठेवला. नंतर तो तसाच भरलेला राहिला.

नोरा त्याला 'येऊन बसलेलं' म्हणायची, पण ते नुसतं बसलेलं नव्हतं. ते मागत होतं. इतक्या डिस्कमधून एकच डिस्क मागत होतं, स्विच नाकारत होता, आणि ते पुन्हा मागत होतं. पडद्यावर नकाराची ओळ वाढत चालली होती. ती डिस्क कोणती हे मी शोधून काढलं. तिच्यावर कुणाच्याही आजाराच्या नोंदी नव्हत्या. खाणीतली दारं ज्या सर्व्हरवरून चालतात, त्याची ती डिस्क होती.

संध्याकाळी आई कोबी आणि जाड शेवया लोण्यात परतत होती. मायरनचं हे आवडतं. मी कोट न काढताच विचारलं, ते कार्ड नक्की त्याच्याबरोबरच गेलं ना. कुणी काढून तर घेतलं नाही.

"मी स्वतः ठेवलं. झाकण लावेपर्यंत माझा हात होता त्याच्यावर." तिनं झारा थांबवला नाही. "का गं? काही मागतोय का?"

शेजारणीनं वाटीभर साखर मागितली असावी तसं तिनं ते विचारलं. मी कोट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "दार मागतोय."

"मग देत का नाहीस?"

मी म्हणाले, आई, हे असं काही नसतं, यंत्रात बिघाड आहे. तिनं मान डोलावली आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. त्या विषयावर ती पुन्हा काही बोलली नाही.

पुढच्या दिवसांत लॉयड बदलत गेला. डोनट यायचे बंद झाले. सहा नंबरच्या खोलीसमोरून जाण्याऐवजी तो मागच्या बोगद्यानं लांबचा फेरा घेऊन जायचा. एकदा मी त्याला सत्तावीसच्या पोर्टवर अंगठा दाबून उभा राहिलेला पाहिलं, जसं वाहत्या नळावर दाबावं. मला पाहून तो म्हणाला, दिवा डोळ्यांत येतो.

मला बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. मी मन लावून काम करत होते, एकामागून एक कार्डं बसवत होते, आणि जेवताना त्याचा चेहरा बघत होते.

हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू झाला त्या दिवशी खाण निम्मी रिकामी होती. आमच्याकडे त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात. लॉयड प्रॉसर मात्र कामावर आला. त्याच्या जन्मात असं कधी झालं नव्हतं, असं पहारेकरी सांगत होता. दुपारी तो म्हणाला, बाहेर चल, उजेडात जेवू. खाणीच्या तोंडाशी त्याच्या गाडीत आम्ही बसलो. बारीक बर्फ पडत होतं. लांब कुठेतरी बंदुकीचे बार होत होते.

तो सँडविच हातात धरून बसला होता. नोराला त्यानं बोलावलं नव्हतं. मला वाटतं, मी थोड्या दिवसांची पाहुणी, काम संपलं की जाणार, म्हणून त्यानं मला निवडलं असावं. माणसं अनोळखी माणसाला सांगतात ते घरच्याला सांगत नाहीत.

"इथे एकजण गेला होता, ऐकलं असशील."

"ऐकलंय."

"दाराला काच होती. एवढीशी. तो काचेपाशी आला होता." तो समोरच्या बर्फाकडे बघत बोलत होता. "हातातलं कार्ड काचेवर आपटत होता. मग आपटायचं थांबला आणि ते नुसतं धरून उभा राहिला. माझ्याकडे बघत."

"किल्ली कुणाकडे होती?"

"पट्ट्याला होती माझ्या." त्यानं सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं. "दार उघडलं असतं तर गॅस बाहेर आला असता ना."

"बाहेर कोण कोण होतं?"

"मी होतो," लॉयड म्हणाला.

मी विचारलं, भोंगा कुणी बंद केला होता. तो म्हणाला, तपासणीवाले येणार होते, आणि भोंगा उगीचच वाजायचा, वाईट दिसलं असतं. दांड्याचंही तसंच. सगळे असंच करतात. त्यात त्याला सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. काचेचं तेवढं त्याला सांगायचं होतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्याच्या घरचे कुठे असतील, देव जाणे."

"जवळच असतील," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग एकदम हुशारी आल्यासारखा म्हणाला की आता तो स्वतः सहा नंबरमध्ये जाऊन तो जुना फलक भिंतीतून उपटून काढणार आहे. मूळच राहिलं नाही की नाटक बंद. त्यानं मागच्या सीटवरून पक्कड आणि पहार काढली. मी त्याला म्हणाले, चांगला विचार आहे.

तो हत्यारांच्या खोलीत हातमोजे घ्यायला गेला, तोवर मी नोराच्या टेबलाशी पोहोचले. नोरा डबा खात होती. मी म्हणाले, एक परवानगी राहिलीय, लिहून टाकते. तिनं खुर्ची बाजूला सरकवून जागा करून दिली आणि चहाचं पाणी आणायला गेली.

परवानगी म्हणजे एका ओळीचं काम. कुणाला, कशापर्यंत. मी मायरनच्या कार्डाचं नाव लिहिलं. ते बघून लिहावं लागलं नाही. त्याच्यापुढे दारांच्या डिस्कचं नाव लिहिलं. मग ती ओळ लागू केली.

नकाराच्या ओळी थांबल्या.

पडदा क्षणभर स्थिर राहिला. मग डिस्कवरचं वाचन सुरू झालं. आधी थोडं, चाचपडल्यासारखं. मग सलग. त्यानंतर लेखन.

नोरा पाणी घेऊन आली तेव्हा बोगद्याच्या त्या टोकाला दार लागल्याचा आवाज झाला. तिथली दारं आवाज करत नाहीत, त्यांना रबर आहे. हे दार वाजलं.

नोरा बघायला गेली आणि पळत परत आली.

"लॉयड आत आहे. दार उघडत नाहीये. माझ्या ओळखपत्रानं बाहेरून नाही, त्याच्या ओळखपत्रानं आतून नाही. काचेतून दिसतंय, लाल बटण दाबतोय, तेही चालत नाही. तू इथून सर्व्हर बघ."

ती परत धावली. पहारेकरी हातोडा घेऊन तिच्यामागे गेला. हातोड्याचे घाव सुरू झाले.

मला बघायला फार काही नव्हतं. एक ओळ खोडायची. मी लिहिली होती तीच. माझे हात कीबोर्डवर होते.

मी ते उचलून मांडीवर ठेवले.

नोरानं लांबून ओरडून विचारलं, काही दिसतंय का.

"बघते आहे," मी म्हणाले.

घाव चालूच होते. त्या खोलीत गॅस नव्हता. सिलिंडरं दोन वर्षांपूर्वी नेली होती, नळ्या कापून झाकणं ठोकली होती. दार बंद झालेल्या रिकाम्या खोलीत एक माणूस, एवढंच. फार तर घाबरेल. मी स्वतःला असं सांगितलं, आणि मला ते पटलं नव्हतं.

नोरानं पुन्हा विचारलं. तिचा आवाज फाटला होता. "त्याला श्वास घेता येत नाहीये, डेनीस."

"बघते आहे."

पडद्यावर वाचन मंदावलं. मग लेखन थांबलं. मग त्या कार्डानं रीतसर निरोप घेतला. बहुतेक लोक नुसती तार उपटतात. मायरन तसं कधी करत नसे. आधी कळवायचा, मग जायचा.

सत्तावीसचा दिवा विझला.

बोगद्यात दार आपणहून उघडलं.

लॉयड आतल्या बाजूला, दाराच्या चौकटीला पाठ लावून बसलेला होता. पक्कड फलकापाशी पडली होती, फलकाला तिनं स्पर्शही केलेला नव्हता. अँब्युलन्सवाल्यांनी त्याला बाहेर उजेडात नेलं, पण ते उगीच. खोलीतली हवा आधी अग्निशामक दलानं तपासली, नंतर सरकारी माणसांनी. ती चांगली होती. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. तसं लिहावंच लागतं. अँब्युलन्सवरची बाई मात्र नोराला म्हणाली की तिनं नदीत बुडालेली माणसं काढली आहेत, आणि हा तसा दिसतो.

मी टेबलाशी परत गेले, ती ओळ खोडली आणि नोरासाठी चहा केला. तिचे दात वाजत होते.

लोक म्हणतात, सूड घेतला की आत पोकळी वाटते. मला भूक लागली. आईकडे पोहोचले तेव्हा अंधार पडत होता. तिला बातमी आधीच कळली होती, आमच्याकडे बातमी गाडीपेक्षा लवकर पोहोचते. तिनं कोबी-शेवया गरम केल्या. मी दोनदा वाढून घेतलं. ती समोर बसून मी खाते आहे ते बघत होती.

"लवकर गेला का?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि ताट उचलायला उठली.

उरलेली कार्डं मी वेळेत बसवली. कंपनी माझ्या कामावर खूश होती. नवं वर्ष लागल्यावर मी ओहायोत दुसरं काम घेतलं. लॉयडला त्याच्या मुलीनं तिच्याकडे, दूर मिशिगनमध्ये नेऊन पुरलं, असं नोरानं कळवलं. त्याच्या जागी आता तीच मुख्य होती. सत्तावीस नंबरचं पोर्ट हिवाळाभर अंधारात होतं.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा तिचा फोन आला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून तो घेतला. तिनं माझी तब्येत विचारली, आईची विचारली. मग म्हणाली की एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाही.

सत्तावीसवर पुन्हा कुणीतरी आलं होतं. मी विचारलं, शेवट चार-सी-सात-ई आहे का. नाही, ती म्हणाली. ते कार्ड परत आलं नाही. हे दुसरंच. नावाचे पहिले आकडे कुठल्या कारखान्याचं कार्ड ते सांगतात, आणि याचे ते सगळे आकडे शून्य होते. असं कार्ड कुणी बनवत नाही.

"ते काय मागतंय?" मी विचारलं.

"दारांची डिस्क. परवानगी नाही म्हणून स्विच परत पाठवतो. पुन्हा मागतं." ती थांबली. सूर्यफुलाची बी दातांत फुटल्याचा आवाज आला नाही. "डेनीस, यंत्र मागतं ना, ते ठरलेल्या अंतरानं मागतं. हे तसं मागत नाही. आधी घाईघाईनं, एकावर एक. मग जरा थांबून थांबून. मग खूप वेळानं एकदा. मग काहीच नाही. आणि मग पहिल्यापासून."

मी विचारलं, अंतर किती दाखवतंय.

"शून्य," नोरा म्हणाली.

माझ्या गाडीच्या काचेवर पावसाचे थेंब पडायला लागले होते. मी वायपर लावले नाहीत.

"मी विचार करतेय, एकदा परवानगी देऊन टाकावी. म्हणजे तरी थांबेल. तुला काय वाटतं? देऊ का?"

"नको," मी म्हणाले.